दोष देशाचा नव्हे, वयाचा!



गेल्या वर्षी आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी आम्ही चार-पाच बाप उभे होतो. क्रिकेट झाले, व्हिसा झाला, घरांचे व्याजदर झाले आणि गाडी मुलांवर आली. प्रत्येकाची तक्रार एकच. अंगाखांद्यावर खेळणारे पोर आता खोलीचे दार लावून बसते, उलट बोलते, सकाळी उठत नाही. निष्कर्षही एकच : “काय करणार, इथलं वातावरणच तसं!” मीही मान डोलावली. माझी मुलगी तेव्हा नुकतीच बारा वर्षांची झाली होती.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. परंतु त्यानंतर घरात जे घडले त्यामुळे मला या विषयावर वाचावे लागले आणि मुलीच्या डॉक्टरांना बरेच प्रश्न विचारावे लागले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

घडले ते असे. तिची शाळेची बस सकाळी सात-दहाला येते. मिडल स्कूल सुरू झाल्यापासून रोज उठवण्यावरून भांडण. त्यातच माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिचे मत ठाम : “अमेरिकेचं वारं लागलंय पोरीला.” एक दिवस बस चुकली आणि मी आवाज चढवून नको ते बोललो. मुलगी रडली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली. दोन आठवड्यांनी तिची वार्षिक तपासणी होती. तिथे डॉक्टरीणबाईंनी मला नम्रपणे सांगितले, “आपण दहा मिनिटे बाहेर बसता का?” मला रागच आला. माझीच मुलगी, आणि मी बाहेर? या वयात मुलांशी एकट्याने बोलणे ही इथली नेहमीची पद्धत आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

शरीर

वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात होते. पाळी बहुधा पहिल्या शारीरिक बदलानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. म्हणजे आईला तयारी करून द्यायला पुरेसा वेळ असतो. उंची वाढण्याच्या ऐन भरात मुली वर्षाला सुमारे ८ सें.मी. वाढतात आणि मुले ९ ते १०. मात्र मुलांचा हा भर सुमारे दोन वर्षे उशिरा येतो. त्यामुळे सहावी-सातवीच्या फोटोत मुली उंच आणि मुले बुटकी दिसतात, त्यात काळजीचे काही नाही. हातपाय आधी वाढतात, धड मागून येते. दर चार महिन्यांनी बूट लहान होतात आणि पेले हातून सुटतात ते यामुळेच. मुलीत आठव्या किंवा मुलात नवव्या वर्षाआधी बदल दिसू लागले, अथवा मुलीत तेराव्या आणि मुलात चौदाव्या वर्षापर्यंत काहीच दिसले नाही, तर डॉक्टरांना जरूर विचारावे.

हाडे भरण्याचा हाच काळ. ९ ते १८ वयात रोज १३०० मि.ग्रॅ. कॅल्शियम लागते. एक कप दुधात साधारण ३०० मि.ग्रॅ. असते. दूध नको म्हणणाऱ्यांना दही, ताक, नाचणीचे सत्त्व द्यावे. पाळी सुरू झाल्यावर शाकाहारी घरात लोहाकडेही लक्ष हवे. डाळी-उसळींवर लिंबू पिळण्याची आपली सवय इथे कामी येते, कारण आंबटातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते.

झोप

या वयात मेलाटोनिन हे झोप आणणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. शरीराचे घड्याळ एक-दोन तास पुढे सरकते. झोपेची गरज मात्र तेवढी कमी होत नाही. बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास आणि तेरापासून पुढे ८ ते १० तास झोप हवी, असे इथले निद्रातज्ज्ञ सांगतात. आमचा हिशेब केला. दहाला गादीवर पडून साडेअकराला झोप लागायची आणि सव्वासहाला गजर. पावणेसात तास! ज्याला मी आळस म्हणत होतो ते चक्क जागरण होते.

हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही. मिडल व हायस्कूल साडेआठच्या आधी भरू नये, अशी शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली केली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून तसा कायदाही लागू झाला; हायस्कूलला साडेआठ आणि मिडल स्कूलला आठ ही मर्यादा आहे. आपल्या गावच्या शिक्षण मंडळाच्या सभेत हा विषय जरूर काढावा.

मेंदू

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार जवळजवळ मोठ्या माणसाएवढा होतो. पण आतली जुळणी पुढे बरीच वर्षे चालते. न वापरलेले जोड गळतात, वापरातले पक्के होतात. भावना आणि उत्साह यांची केंद्रे लवकर जोरात येतात. विचार करून थांबवणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पूर्ण होतो. एखाद्या प्रणालीचे सगळे भाग एकाच दिवशी बदलले जात नाहीत, आणि मधल्या काळात ती अडखळते, हे आम्हा संगणकवाल्यांना तरी कळायला हवे होते.

याच सुमारास, अकरा-बाराव्या वर्षी, अमूर्त विचार करण्याची शक्ती येते. आमची कन्या आजीला विचारते, “आजी, साबुदाणा एवढा जड, मग तो उपवास कसा?” आईला तो उद्धटपणा वाटला. खरे तर ती नवी अक्कल चालवून पाहणे आहे.

मित्रमैत्रिणी

या वयात बरोबरीच्यांचे मत आईबापांच्या मतापेक्षा जड होते. २००५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात १३ ते १६ वयाच्या मुलांनी मित्र जवळ असताना अधिक धोका पत्करला. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही.

देशाचा काहीच संबंध नाही असे मात्र नाही. डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या संमतीने मला जे सांगितले ते ऐकून मी गप्प झालो. जेवणाच्या टेबलावर तिच्या जुन्या मैत्रिणींनी तिला जागा नाकारली होती. वरच्या ओठावरच्या लवेवरून तिला चिडवले होते. हे ती घरी सांगू शकली नाही, कारण घरी रोज बसवरून आरडाओरडा चालू होता.

आम्ही काय केले

फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवतो, आमचेसुद्धा. दिवे लवकर मंद करतो. शनिवार-रविवारी तासभर जास्त झोपू देतो, दुपारपर्यंत नाही. महत्त्वाचे बोलणे गाडीत करतो; समोरासमोर डोळे नसले की मुले मोकळी होतात. लवेबद्दल काय करायचे ते तिने आणि तिच्या आईने मिळून ठरवले.

वार्षिक तपासणी चुकवू नका. २०१० च्या आरोग्यविमा कायद्यापासून बहुतेक योजनांत, योजनेतल्या डॉक्टरांकडे या तपासणीचा वेगळा आकार पडत नाही. त्याच भेटीत दुसऱ्या तक्रारीवर उपचार झाल्यास बिल येऊ शकते, तेवढे आधी विचारावे. आणि डॉक्टरांनी बाहेर बसायला सांगितले तर बसावे.

चिडचिड आणि बंद दार हे वयाचे. पण दोन आठवड्यांहून अधिक उदासी, खाणे सुटणे, आवडते खेळ टाकणे, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणे हे वयाचे समजू नये. लगेच डॉक्टरांशी बोलावे. संकटसमयी ९८८ हा क्रमांक इथे दिवसरात्र चालू असतो.

हे सगळे मी आईला समजावत होतो. ती शेंगा सोलत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “अरे, आठवीत शाळेच्या सहलीला पाठवलं नाही म्हणून तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. माळ्यावर जाऊन बसायचास.”

साताऱ्याच्या त्या माळ्यावर अमेरिकेचे वारे कुठून येणार?