ट्विगमधला 'एम्बेड': मांडणी एकच, आतला मजकूर हवा तसा

कार्ड, पॉप-अप, दोन रकान्यांची मांडणी या गोष्टी वेबसाइटवर पुन्हा पुन्हा लागतात. चौकट तीच, आतला मजकूर मात्र दर वेळी वेगळा. सिम्फनी फ्रेमवर्कमध्ये आणि २०१५ साली आलेल्या ड्रुपल ८ पासून ड्रुपलमध्येही वापरल्या जाणाऱ्या ट्विग या टेम्प्लेट भाषेत यासाठी फार सुरेख सोय आहे: 'एम्बेड'.

ट्विगमधल्या 'इन्क्लूड'ने दुसरी फाइल आहे तशी येते. तिला व्हेरिएबल देता येतात, पण एचटीएमएलचे मोठे तुकडे असे पाठवणं किचकट होतं. 'एक्स्टेंड्स'मध्ये मूळ टेम्प्लेटमधले ब्लॉक, म्हणजे नाव दिलेले भाग, बदलता येतात, पण एका टेम्प्लेटला मूळ टेम्प्लेट एकच. 'एम्बेड' या दोघांचे गुण एकत्र आणतो.

कसं करायचं?

१. कार्डची वेगळी फाइल करा. तिच्यात शीर्षक, मजकूर आणि तळ असे तीन ब्लॉक ठेवा.
२. प्रत्येक ब्लॉकमध्ये नेहमी लागणारा मजकूर आधीच भरून ठेवा.
३. पानावर हवं तिथे ती फाइल 'एम्बेड' करा आणि बदलायचे तेवढेच ब्लॉक नव्याने लिहा. बाकीचे मूळचेच दिसतात.

एकाच पानावर कितीही कार्डं घ्या. ब्लॉकची नावं सारखी असली तरी गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक 'एम्बेड'मधले बदल त्याच्यापुरतेच असतात.

महत्त्वाचं: बाहेरची व्हेरिएबल आत आपोआप पोचतात. तसं नको असेल तर 'विथ'ने हवी तेवढीच द्या आणि शेवटी 'ओन्ली' लिहा.

पुढच्या वेळी चौकट कॉपी-पेस्ट करण्याआधी हे नक्की वापरून बघा. डिझाइन बदललं तर एकाच फाइलमध्ये दुरुस्ती पुरेल!

#ट्विग #वेबडेव्हलपमेंट