पार्सलमधला चिकू

समजा, डहाणू तालुक्यातल्या गंजाडहून एक बाई लडाखमध्ये तैनात असलेल्या नवऱ्याला खाऊ पाठवते आहे. पत्त्यात गावाचे नाव नाही. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि 'मार्फत ५६ एपीओ', एवढेच. पार्सल कधी हाती पडेल याचा नेम नाही. मग पाठवायचे काय?

चिकू इकडचा खरा, पण ताजा नको. उतरवल्यावरही तो श्वसन करतो, इथिलीन वायू सोडतो आणि आठवडाभरात मऊ पडतो. बंद खोक्यात एक पिकला की शेजाऱ्यांनाही पिकवतो. त्याच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असते. त्याच चिकूच्या वाळवलेल्या चकत्या मात्र महिनोन्महिने टिकतात. त्यांतही थोडे पाणी उरते. पण ते साखरेने धरून ठेवल्यामुळे जंतूंना मिळत नाही. पाणी जंतूंना कितपत मिळू शकते, याच्या मापाला जल-सक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची ती १ असते, ०.६ च्या खाली सहसा कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. ओल्या नारळाचे लाडू या परीक्षेत नापास! शेंगदाण्याच्या चिक्कीला बुरशीची भीती कमी, पण दाण्यातले तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे खवट होते. मला विचाराल तर चकत्याच बऱ्या.

पिशवी बंद करताना आतली हवा दाबून काढावी. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे गंजाडला बंद केलेली पिशवी तिथे फुगते आणि सांधा कच्चा असेल तर उसवते. घाट चढताना वेफर्सची पुडी टम्म झालेली पाहणारी मुले याचे कारण वर्गात नक्की सांगतील.