हवेतील जमिनीची मोजणी

आपल्या बेटावर अर्ध्या आर्पां जमिनीवरूनही भाऊबंदांत तंटे होतात. मग मोजणीदाराला बोलावतात आणि तो हद्द ठरवून देतो. अशीच आणखी एक जमीन आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही. नभोवाणी, पोलिसांचे वायरलेस, विमाने, जहाजे आणि आपल्या खिशातला मोबाईल, सगळे तिच्यावरच चालतात. ती म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा. आपल्या देशात तिचे वाटप २००१ च्या कायद्यानुसार स्थापन झालेले माहिती व दळणवळण तंत्रज्ञान प्राधिकरण करते. मागणी सारखी वाढते आहे, जमीन मात्र वाढत नाही. म्हणून जगभर एकच प्रश्न विचारला जातो: यातला कोणता तुकडा वापरात आहे आणि कोणता पडीक?

ही मोजणी कशी करतात ते आधी पाहू. उंच जागी एरियल उभारतात. त्याला जोडलेले यंत्र एकेका कंप्रतेवर क्षणभर थांबते, ऐकते आणि पुढे सरकते. अशा फेऱ्या रात्रंदिवस चालतात. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जोरदार लहर मिळाली, की त्या जागी ‘व्यापलेली’ अशी नोंद होते. शंभर फेऱ्यांपैकी वीस फेऱ्यांत लहर सापडली, तर वापर २० टक्के. आम्ही शिक्षक रोज वर्गात हजेरी घेतो, त्यातलाच हा प्रकार.

पण या हजेरीतही मेख आहे. मर्यादा फार खाली ठेवली, तर विजेच्या तारांची खरखरही वापर म्हणून मोजली जाते. फार वर ठेवली, तर दुबळी पण खरी लहर निसटून जाते. एरियल मोका डोंगराच्या एका बाजूला ठेवले, तर दुसऱ्या बाजूचे बरेचसे ऐकूच येत नाही.

अमेरिकेत २००४ आणि २००५ साली सहा ठिकाणी अशी मोजणी झाली. सुमारे ३० ते ३००० मेगाहर्ट्‌झ एवढा पट्टा तपासला गेला. सरासरी वापर निघाला अवघा ५.२ टक्के. न्यूयॉर्कसारख्या गजबजलेल्या शहरातही तो १३.१ टक्क्यांवर गेला नाही, आणि ग्रीन बँक या गावी तर जेमतेम १ टक्का. आकडे ऐकून अनेकांना वाटले, एवढी जमीन ओसाड पडली आहे, तर ती दुसऱ्यांना का कसू देऊ नये? हा विचार अगदीच चुकीचा नाही. दूरदर्शनच्या मोकळ्या पट्ट्यांत इतर उपकरणांना वाव देण्याचा निर्णय अमेरिकेने २००८ साली घेतलाही.

परंतु ग्रीन बँकच्या त्या १ टक्क्याकडे नीट पाहावे. तेथे मोठी रेडिओ दुर्बीण आहे आणि तिच्यासाठी १९५८ पासून आसपासच्या प्रदेशात मुद्दाम शांतता राखली जाते. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना एखाद्या वर्गातून आवाज आला नाही, तर ते वर्ग रिकामा समजतील काय? आत परीक्षा चालू असते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. ब्रा दो येथे मॉरिशस विद्यापीठाने भारतातील दोन संशोधन संस्थांच्या साहाय्याने रेडिओ दुर्बीण उभारली आणि १९९२ पासून ती काम करू लागली. पूर्व-पश्चिम दोन किलोमीटरच्या रांगेत १०२४ मळसूत्री एरियल! १५१.५ मेगाहर्ट्‌झवर तिने दक्षिणेचे आकाश ऐकले, पण स्वतः एक शब्दही उच्चारला नाही. मोजणीच्या यंत्राला तिचा पत्ताच लागला नसता. आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडद येथे उभी असलेली तीस थाळ्यांची दुर्बीणही अशीच केवळ ऐकते.

समुद्रावर १५६.८ मेगाहर्ट्‌झ ही कंप्रता हाक मारण्यासाठी आणि संकटाच्या वेळी असते. ४०६ मेगाहर्ट्‌झवर संकटात सापडलेल्या नावेचे यंत्र उपग्रहाला हाक घालते. या जागा बहुतेक वेळ शांत असाव्यात हेच बरे. तेथे गर्दी झाली, तर बुडणाऱ्याची हाक कोण ऐकणार?

आणि आपल्या बेटाच्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे चक्रीवादळ. २०२४ च्या जानेवारीतला बेलाल अजून कोणी विसरलेले नाही. हवेतील बाष्प २३.८ गिगाहर्ट्‌झच्या आसपास अत्यंत क्षीण लहरी आपोआप सोडते. हवामानाचे उपग्रह त्या टिपतात आणि अंदाज बांधण्यास त्यांची मदत होते. २०१९ साली इजिप्तमधील शर्म अल्-शेख येथील जागतिक परिषदेत शेजारचा २४.२५ गिगाहर्ट्‌झपासूनचा पट्टा नव्या मोबाईलसाठी खुला झाला. शेजाऱ्याचा आवाज भिंतीपलीकडे किती यावा, यावर तेथे मोठा वाद झाला. हवामानशास्त्रज्ञांना हवी होती तेवढी कडक मर्यादा काही मिळाली नाही.

मोजणी जरूर व्हावी. मोजणीवाचून वाटप म्हणजे अंधारात हद्द आखणे. मात्र कोण बोलतो एवढेच यंत्र सांगते. तेथे कोण कान लावून बसला आहे, हे माणसालाच विचारावे लागते. मुले घरी मोबाईलच्या वेगाविषयी बोलू लागली, की पालकांनी ही दुसरी बाजूही त्यांना समजावून सांगावी, एवढीच आमची विनंती.