फंकची सम शोधताना

नाशिककरांना ताल समजावून सांगण्याची गरज नाही. विसर्जन मिरवणुकीतला ढोल छातीत कसा उतरतो, हे येथे पोरासोरांनाही ठाऊक असते. 'नाशिक ढोल' या नावाने तो ठेका केरळातल्या उत्सवांपर्यंत पोहोचला आहे. तरीही एखादा नवोदित फंक किंवा जॅम बँड मंचावर आला की जाणकार म्हणवणारे रसिकही गोंधळतात. गायक दहा मिनिटे गप्प का उभा आहे? घरी ऐकलेले चार मिनिटांचे गाणे येथे संपत का नाही?

फंक हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. जेम्स ब्राऊन याने १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'मध्ये स्वरसंगती जवळजवळ एका जागी थांबवली आणि सारा भार तालावर टाकला. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर सर्वांनी एकत्र यायचे आणि उरलेल्या जागेत प्रत्येकाने आपला लहानसा तुकडा वाजवायचा, अशी ही रचना. गिटारवादक तारा अर्धवट दाबून केवळ 'चिक-चिक' असा आवाज काढतो. एकट्याने ऐकला तर तो तुकडा क्षुल्लक वाटतो. इतरांच्या तुकड्यांत तो अडकला की पाय आपोआप हलू लागतात. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिली मात्रा म्हणजे समच. फरक एवढाच, की विलंबित ख्यालात समेची वाट पाहावी लागते आणि फंकमध्ये ती दोन-तीन सेकंदांत परत भेटते.

जॅमचे मर्म तबल्याचे एकलवादन ऐकणाऱ्यांना लवकर उमगेल. तेथे हार्मोनियमवर लेहरा फिरत राहतो आणि तबलजी त्यावर आपला विस्तार मांडतो. जॅममध्ये बेस गिटार आणि ड्रम हा लेहरा धरतात. बाकीचे त्यावर ऐनवेळी सुचेल ते वाजवतात. मात्र येथे मुख्य कलावंत कोणी एक नसतो. एकाने नजरेने खूण केली की दुसरा पुढे येतो. कॅलिफोर्नियात १९६५ साली स्थापन झालेल्या 'ग्रेटफुल डेड'चे कार्यक्रम एकसारखे कधी होतच नसत. म्हणूनच त्यांनी श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा दिली आणि १९८४ पासून त्यासाठी वेगळी जागाही राखली.

आपल्याकडेही याची उदाहरणे आहेत. 'इंडियन ओशन'चा १९९७ चा 'डेझर्ट रेन' हा अल्बम प्रत्यक्ष कार्यक्रमातच मुद्रित झाला. मुंबईच्या 'समथिंग रेलेव्हंट' या फंक-जॅम बँडने तर अल्बमला नावच 'फील्स गुड टू बी लाइव्ह' असे दिले. अशा बँडना घडायला जागा लागते. लोअर परळचे 'ब्लू फ्रॉग' ही तशी जागा होती. २००७ मध्ये सुरू झालेले ते दालन २०१६ मध्ये बंद पडले.

नाशकात २००८ पासून या संगीताची ओळख करून दिली ती प्रामुख्याने गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षमळ्यांतील 'सुलाफेस्ट'ने. खुल्या मंचावरील कार्यक्रमांना वेळेचे बंधन असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्याच दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. साहजिकच कार्यक्रम दुपारी सुरू करावे लागतात, मोठी नावे रात्री येतात आणि नवोदितांच्या वाट्याला ऊन येते. आपण मात्र सवयीने सूर्य कलल्यावर निघतो!

इतर गायकांचे यात फारसे बिघडत नाही, जॅम बँडचे बिघडते. समोर चाळीस माणसे सावली शोधत बसली असतील तर वादक विस्ताराचे धाडस करत नाहीत. गाणे ठरल्याप्रमाणे संपवतात आणि उतरतात. तेवढे तर ध्वनिमुद्रणातही मिळते. हीच चाळीस माणसे मंचापुढे उभी राहिली आणि समेवर डोलू लागली, तर बेसवादक तेच आवर्तन आणखी सोळा वेळा फिरवतो आणि गिटारवादकाला नवे काही सुचते.

तेव्हा जायचे तर दुपारीच जावे. मंचाला अगदी चिकटून उभे राहू नये. ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळ सर्व वाद्यांचा तोल नीट ऐकू येतो. सुरुवातीला गायकाकडे दुर्लक्ष करावे आणि मोठ्या ड्रमचा ठोका ऐकावा. सम बहुधा तेथेच सापडते.