मलमूत्र-तपासणी व तिच्या मर्यादा

आरोग्य-तपासणीनंतर मुलाच्या नावापुढे ‘शौच व लघवी : दोष नाही’ असा शेरा आला म्हणजे मूल निरोगी असल्याचा दाखलाच मिळाला, असा समज पालकांत आणि कित्येक शिक्षकांतही रूढ आहे. नागपूर जिल्ह्यात तो विशेष घातक ठरतो.

शौचाच्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली गोलकृमी व अंकुशकृमी यांची अंडी, तसेच आमांशाचे जंतू शोधतात. एका नमुन्यात ती आढळली नाहीत, एवढ्यावरून पोट निर्दोष ठरत नाही. ती रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. म्हणूनच डॉक्टर पुष्कळदा निरनिराळ्या दिवसांचे तीन नमुने मागवितात. गोलकृमीची लागण झाल्यावर अंडी दिसू लागण्यास दोन-तीन महिने जातात. सुतासारखे बारीक जंत तर या तपासणीस बहुधा चकवितातच. त्यांची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते. ती पाहण्यासाठी सकाळी, मूल शौचास जाण्यापूर्वी, तेथे चिकटपट्टी लावून घ्यावी लागते. वर्गात सारखे खाजविणाऱ्या मुलास दटावण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.

लघवीत साखर, प्रथिने, पू, रक्त व पित्त यांचा शोध लागतो. परंतु रक्तातील साखर बरीच वाढल्यावाचून ती लघवीत उतरत नाही. लघवीत साखर नाही म्हणून मधुमेह नाही, असे म्हणता येत नाही.

आता या जिल्ह्याचा विशेष. १९५८ मध्ये शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकल पेशींसंबंधी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. विदर्भातील अनेक समाजांत आढळणारा हा दोष आनुवंशिक असून तो तांबड्या रक्तपेशींत असतो. शौच वा लघवी तपासून त्याचे निदान होत नाही. मात्र त्याची एक खूण लघवीच्या सवयीत दिसते. सिकलग्रस्त मुलाच्या मूत्रपिंडास लघवी दाट करता येत नाही. मूल वारंवार पाणी पिते, वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागते, कधी अंथरूणही ओले करते. तपासणीत लघवी पातळ दिसते, क्वचित रक्तही दिसते. पुष्कळदा ‘दोष नाही’ असाच शेरा येतो. मग सांधे दुखतात म्हणून घरी राहणारे ते मूल कामचुकार ठरते! अशा अन्यायाची जबाबदारी शेऱ्यावर टाकून चालणार नाही.

हातापायांच्या हाडांत वरचेवर कळा, डोळ्यांस पिवळेपणा व फिकट चेहरा ही लक्षणे दिसल्यास मुलास पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सोल्युबिलिटी चाचणी करतात. तीत दोष आढळला तरी मूल केवळ वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम पुढील तपासणी लागते. निकाल येईपर्यंत मुलास भर उन्हात कवाइतीस उभे करू नये, पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी आणि लघवीस जाण्याची मुभा मागताक्षणी द्यावी.