बत्तीस बोअर: नरम काडतुसापासून मॅग्नमपर्यंत

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. परवान्यावर रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या भारतीय माणसाकडे जे बत्तीस बोअरचं काडतूस असतं, ते बहुतेक वेळा तिथलंच. पितळी बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं उठवलेली. आमच्या भिलाई-दुर्ग भागातही कुणाकडे लायसनचं रिव्हॉल्व्हर असलं, तर ते बत्तीसचंच निघण्याची शक्यता जास्त. ही निवड मुख्यतः कायद्याने केलेली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या चौकटीत .३०३, ९ मिलिमीटर, .४५५ अशी सैन्याची बोअर सामान्य परवानाधारकाला वर्ज्य ठरली, आणि १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची आयातही त्याच्यासाठी बंद झाली. उरलं ते बत्तीस. म्हणून बत्तीस म्हणजे नाइलाजाचं बोअर, असा समज आपल्याकडे पक्का होऊन बसला आहे. मला तो मान्य नाही. या काडतुसाच्या घराण्याचा जवळजवळ दीडशे वर्षांचा मागोवा घेतला, तर जाणत्या नेमबाजांनी ते आपणहून जवळ केल्याचं पुन्हा पुन्हा दिसतं.

घराण्याचा मूळ पुरुष १८७८ चा. स्मिथ अँड वेसन कंपनीने काळ्या दारूचं, जेमतेम १५ मिलिमीटर कवचाचं .३२ काडतूस खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरांसाठी काढलं. १८९६ मध्ये त्याच कवचाची लांबी वाढवून ‘.३२ लाँग’ आलं. खडकीत आज जे बनतं ते हेच. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या पोलीस आयुक्तपदी थिओडोर रूझवेल्ट होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. शहरातले पोलीस हाताला येईल ते रिव्हॉल्व्हर वापरत. रूझवेल्टांनी सगळ्यांसाठी कोल्टचं एकच बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर ठरवलं आणि नेमबाजीचं शिक्षणही सुरू करवलं. सराव न केलेल्या शिपायालाही झेपेल असं शस्त्र हवं, हा त्यामागचा व्यवहार होता.

.३२ लाँगची गोळी साधारण ६ ग्रॅमची. ती नळीतून सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. कवचातला दाब दर चौरस इंचाला १५,००० पौंडांच्या घरात, हा आकडा आधुनिक काडतुसांत फारच सौम्य. त्यामुळे धक्का कमी, नळी फारशी उसळत नाही, आणि पुढच्या गोळीसाठी नेम पुन्हा चटकन बसतो. हा गुण कागदावर किरकोळ वाटतो. त्याचं मोल कळतं ते २५ मीटरच्या रेंजवर.

सेंटर फायर पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार पाहिला की बत्तीस बोअर समजतं. एकूण ६० गोळ्या. पहिल्या ३० सावकाश, पाच-पाचच्या मालिकांत, प्रत्येक मालिकेला पाच मिनिटं. मग उरलेल्या ३० साठी लक्ष्य ३ सेकंद समोर येतं आणि ७ सेकंद लपतं. हात खाली पंचेचाळीस अंशांत धरलेला. लक्ष्य दिसलं की हात उचलायचा, नेम बसवायचा, चाप दाबायचा, एकच गोळी सोडायची आणि हात पुन्हा खाली. नियम ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरपर्यंतचं कोणतंही बोअर वापरू देतो. म्हणजे .३८ चालतं. तरीही बहुतेक नेमबाज .३२ लाँगकडे वळले, वॉल्थर आणि पार्दिनी या कंपन्यांनी या काडतुसाची खास पिस्तुलं बनवली. गोळीही वेगळी असते: टोक नसलेली, सपाट, कवचाच्या काठाशी समतल बसवलेली. कागदी लक्ष्यात ती फाटकं भोक पाडत नाही, पंचिंग मशीनने पाडावं तसं काठ स्वच्छ असलेलं वर्तुळ कापते. रेषेला शिवलेल्या गोळीचा एक गुण मिळणार की जाणार, हे त्या काठावर ठरत असे.

या प्रकारातला मराठी माणसाचा वाटा आपण विसरत चाललो आहोत. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. देशातला प्रत्येक होतकरू नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर त्यांच्या नावाची स्पर्धा खेळतो, आणि हे मावळंकर म्हणजे रत्नागिरीकडचं मूळ असलेलं, गुजरातेत स्थिरावलेलं घराणं, हे कितीजणांना ठाऊक असतं? १९९० मध्ये ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायरचं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं ते महाराष्ट्राच्या अशोक पंडित यांनी. चार वर्षांनी व्हिक्टोरियात त्यांनीच तरुण जसपाल राणाबरोबर जोडीचं सुवर्ण जिंकलं. त्याच १९९४ मध्ये राणांनी हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेतही सेंटर फायरचं सुवर्ण घेतलं आणि २००६ मध्ये दोह्यात पुन्हा. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुलात हरप्रीत सिंग आणि विजय कुमार पहिल्या दोन जागांवर होते. इतकी पदकं देणारा प्रकार ग्लासगोच्या २०१४ च्या यादीतून गेला, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोललंही नाही. मला ते अजून खुपतं. राही सरनोबतने २०१८ मध्ये पालेम्बांगला आशियाई सुवर्ण जिंकलं, तेव्हा पात्रता फेरीत गोळीबाराचा क्रम अगदी हाच होता, तीस सावकाश आणि तीस त्या तीन सेकंदांच्या. फक्त महिलांच्या गटात काडतूस .२२ चं असतं. कोल्हापूरच्या त्या मुलीचं कौतुक करताना ज्या प्रकारातून ही शिस्त आली त्याचंही नाव घ्यायला हवं.

आता मॅग्नमकडे. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं आणि रिव्हॉल्व्हर म्हणजे ताकद, हे समीकरण अमेरिकेत रुजलं. बत्तीसचं घराणं मागे पडलं. १९८४ मध्ये हॅरिंग्टन अँड रिचर्डसन आणि फेडरल या कंपन्यांनी .३२ लाँगचं कवच सुमारे ४ मिलिमीटरने लांबवून .३२ मॅग्नम काढलं. धक्का बेताचा, ताकद चांगली वाढलेली. पण १९८६ मध्ये हॅरिंग्टन अँड रिचर्डसनच बंद पडली आणि काडतूस पोरकं झालं. दोन दशकांनी, २००८ च्या सुमारास, फेडरलने रूगर कंपनीला जोडीला घेऊन कवच आणखी ३ मिलिमीटरने वाढवलं: .३२७ फेडरल मॅग्नम. दाब थेट ४५,००० पौंडांवर, .३५७ मॅग्नमच्याही वर. साडेसहा ग्रॅमची गोळी तीन इंची नळीतून सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या आसपास. .३२ लाँगच्या जवळजवळ दुप्पट वेग, आणि ऊर्जा तिप्पटीहून अधिक.

यात ओढ कसली? नुसत्या ताकदीची असती, तर .३५७ होतंच. ओढ दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे बारीक गोळीमुळे चक्रीत जागा वाचते. रूगरच्या ज्या छोट्या एसपी १०१ रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ ची पाच काडतुसं मावतात, त्यात .३२७ ची सहा बसतात, आणि दोन घरांमधली पोलादाची भिंत तरीही पुरेशी जाड राहते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. .३२७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये घराण्यातली आधीची काडतुसंही चालतात: १८७८ चं, १८९६ चं, १९८४ चं. सगळ्यांचा व्यास तोच, फक्त कवच आखूड. म्हणजे सकाळी नवशिक्या मुलीला .३२ लाँगवर हात बसवता येतो, आणि त्याच शस्त्रात, त्याच मुठीने, अनुभवी माणूस मॅग्नम चालवतो. अशी शिडी .३८ आणि .३५७ मध्येही आहे, पण तिच्या खालच्या पायरीवरचा धक्का बत्तीसइतका हलका नसतो. दोषही सांगायला हवा: .३२७ चा आवाज कानठळ्या बसवणारा आणि नळीच्या तोंडाशी भडका मोठा. म्हणूनच २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनने लहान रिव्हॉल्व्हरांची नवी मालिका काढली, तेव्हा तिच्यात १९८४ चं मधलं मॅग्नम परत आलं. चाळीस वर्षं बाजूला पडलेलं काडतूस नेमबाजांनी पुन्हा मागून घेतलं, हे मला फार बोलकं वाटतं.

आपल्याकडे ही शिडी पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबली. त्याचं कारण कायद्याइतकंच पोलादातही आहे, आणि पोलादाचं म्हटलं की भिलाईत माणसं कान देतात. आमच्या सेक्टरमधल्या एका निवृत्त काकांकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर आहे. निवडणूक जाहीर झाली की ते ठाण्यात जमा होतं, निकालानंतर घरी येतं. त्यामुळे त्याची देखभालही त्या सुमारास होते. एकदा त्यांनी ते रिकामं करून उघडून दाखवलं. कानपूरचं हे जुनं मॉडेल ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या घडणीवर बेतलेलं. अंगठ्याने वरची खिटी दाबली की नळी आणि चक्री बिजागरीवर पुढे झुकतात, आणि मधली चांदणी सहाही कवचं एकदम वर उचलते. काकांनी नोकरीची वर्षं रेल मिलमध्ये काढलेली. खिटीवर बोट ठेवून म्हणाले, “हे बघ, सगळा जोर इथे येतो. पंधरा हजार पौंडांना ही खिटी आयुष्यभर पुरेल. पंचेचाळीस हजारांना बिजागरी सैल व्हायला वेळ लागणार नाही.” मॅग्नमला अखंड चौकट लागते, हे त्यांच्या त्या बोटाने मला कुठल्याही तक्त्यापेक्षा स्पष्ट समजलं.

२०१४ मध्ये कानपूरहून बत्तीसचंच ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, महिलांचा विचार करून काढलेलं. किंमत सव्वा लाखाच्या घरात असल्यामुळे ज्यांच्यासाठी ते काढलं त्यातल्या फारच थोड्यांना परवडणारं, ही टीका रास्त होती. पण घडणीच्या अंगाने पाहिलं तर एवढं हलकं शस्त्र हातात धरवतं ते काडतूस नरम आहे म्हणून. वजन घटलं की धक्का वाढतो, आणि बत्तीसकडे तेवढी सवलत शिल्लक असते. मग २०२३ मध्ये ‘प्रबळ’ आलं. यात चक्री कडेला बाहेर येते, चौकट मोडत नाही. काडतूस मात्र तेच, १८९६ चं.

अखंड चौकट आली म्हणून आता मॅग्नमही बनवा, अशी माझी मागणी नाही. परवानाधारकाला आज जे मिळतं त्याचा सराव करायला जागा आणि पुरेशी काडतुसं मिळत नाहीत, हा प्रश्न आधीचा आहे. माझी मागणी खडकीकडे आहे. ज्या कारखान्याने इतकी वर्षं .३२ लाँग बनवलं, त्याने त्याची सपाट गोळीची, स्पर्धेच्या दर्जाची आवृत्ती सातत्याने बनवून दाखवावी. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात कंपन्या झाल्या. खडकी ज्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. आपले नेमबाज स्पर्धेसाठी परदेशी काडतुसांच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, आणि आयात लांबली की पहिला बळी सरावाचा जातो.

प्रकार संपलेला नाही. राष्ट्रीय स्पर्धेत सेंटर फायर आहे, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कैरोला गुरप्रीत सिंगने त्यात रौप्य घेतलं. सुवर्ण जिंकणाऱ्या युक्रेनच्या नेमबाजाचे आणि त्याचे गुण सारखेच होते, ५८४. निकाल लागला तो दहाच्या वर्तुळातल्या आणखी आतल्या वर्तुळात कुणाच्या गोळ्या जास्त, या मोजणीवर.