उन्हाळी धान आणि उष्णतेचा अंमल

अकोला-अमरावतीच्या मुलखात वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा कपाशीची शेते बहुधा मोकळी असतात. परंतु १९६९ साली स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यकक्षेत सिंदेवाहीचे भात संशोधन केंद्रही येत असल्यामुळे, भंडारा-गोंदियाकडील जे उन्हाळी धान ऐन उन्हात फुलोऱ्यास येते, त्याची चिंता वऱ्हाडालाही परकी नाही.

धानाचे खरे मर्मस्थान पान नव्हे, फूल होय. फुले उमलण्याच्या घटकेस तासभरही ३५ अंशांहून अधिक उष्णता राहिली, तर परागकोश नीट फुटत नाहीत, परागकण रुजत नाहीत, आणि वरून भरघोस दिसणारी लोंबी पोचट निघते. ही फसवणूक मला दुष्काळाहूनही क्रूर वाटते.

वनस्पतीपाशी मात्र स्वतःचा बंदोबस्त असतो. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक पर्णरंध्रे मिटवून पाणी राखते, पण त्यामुळे बाष्पोत्सर्जनाने मिळणारा गारवा हरवतो, म्हणजे बचतीचीही किंमत मोजावी लागते. पेशीच्या आत विशिष्ट जनुके जागृत होऊन उष्णताघात-प्रथिने निर्माण करतात, आणि ती विस्कटलेल्या प्रथिनांना सावरतात. जी सावरण्यापलीकडे गेली त्यांची विल्हेवाट लावणारी यंत्रणा निराळी. तिच्याशी निगडित ‘टीटी-१’ हे जनुक २०१५ साली चिनी संशोधकांनी आफ्रिकी भातात ओळखले. आपल्याकडील ‘नगिना-२२’ हे जुने वाणही उष्णतासहिष्णुतेसाठी जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. दुसरी तजवीज अधिक चतुर आहे: रानटी भाताचा एक जनुकीय भाग संकराने आणला, की फुले सकाळी लवकरच, ऊन चढण्यापूर्वी उमलतात.